पुस्तक रिव्ह्यूला गेलंय, आता पुढं काय?

पीअर रिव्ह्यूला मराठीत नेमकं काय म्हणायचं यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकदा अख्खा ऑफ पिरियड गेला होता. एका सरांनी कुठंतरी 'समवयस्क समीक्षा' असं वाचलेलं, त्यावर दुसरे म्हणाले म्हणजे काय ओ, माझं पुस्तक तपासायला छप्पन्न वर्षांचाच माणूस हुडकणार का हे लोक? तज्ज्ञ परीक्षण म्हणा, समकक्ष परीक्षण म्हणा, मी आपलं सरळ रिव्ह्यूच म्हणते कारण सगळे तेच म्हणतात. गोष्ट एवढीच आहे की तुमच्याच विषयात काम करणारे पण तुमच्या घसटीतले नसलेले दोघंतिघं पुस्तक छापायच्या आधी वाचतात आणि प्रकाशकाला लेखी कळवतात की हे छापण्याजोगं आहे का, नसेल तर काय केलं म्हणजे होईल.

माझं पुस्तक सांगलीच्या हळदीच्या व्यापारावर आणि शेजारच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवर आहे, मूळ पीएचडी, नंतर इंग्रजीत एका अकॅडमिक प्रकाशकाकडं गेलं, प्रपोजल पाठवल्यापासून पुस्तक हातात पडेपर्यंत सव्वादोन वर्षं गेली. तेव्हापासून मिरज, तासगाव, विटा, इस्लामपूरकडच्या प्राध्यापकांचे फोन येतात, मॅडम रिपोर्ट आलाय आता काय करू. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी एक गैरसमज काढून टाका. जर्नलचा रिव्ह्यू आणि पुस्तकाचा रिव्ह्यू ही सख्खी भावंडं नव्हेत, चुलत आहेत. जर्नलमध्ये तुम्ही पूर्ण लेख वेबसाइटवर चढवता, बऱ्याच ठिकाणी लेखकाचं नाव झाकून तो रिव्ह्यूअरकडं जातो, संपादक बराचसा पडद्यामागं असतो. पुस्तकात तुमचा पहिला गिऱ्हाईक संपादकच. त्याला कमिशनिंग एडिटर किंवा अ‍ॅक्विझिशन्स एडिटर म्हणतात, तो त्या विषयाची यादी सांभाळतो, आणि त्याला पुस्तक आवडलं तर पुढं सगळीकडं तुमची वकिली तोच करतो. ही वकिली शब्दशः घ्या, खाली पुन्हा येईलच.

सुरुवात प्रपोजलनं होते. तासगावला बेदाण्याचा सौदा बघितला असेल तर लगेच कळेल, अख्खी गाडी कोण उघडून दाखवत नाही, नमुना दाखवतात आणि त्या नमुन्यावर बोली लागते. तसंच इथं पूर्ण हस्तलिखित पहिल्या मेलला जोडायचं नाही. आधी त्या प्रकाशकाच्या वेबसाइटवर प्रपोजलचा फॉर्म असतो तो काढा. साधारण सगळीकडं हेच मागतात: पुस्तकाचा मुख्य दावा एका परिच्छेदात, प्रत्येक प्रकरणाचा थोडक्यात गोषवारा, एकूण शब्द किती, नकाशे-फोटो किती, किती लिहून झालंय आणि बाकीचं कधी देणार, वाचणार कोण, याच विषयावर आधी कुठली पुस्तकं आहेत आणि तुमचं त्यांच्यापेक्षा वेगळं काय, तुमचा सीव्ही, आणि सोबत एखाददोन नमुना प्रकरणं. आधीची पुस्तकं या रकान्यात 'या विषयावर आजवर एकही पुस्तक नाही' असं लिहायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. ते लिहू नका. संपादक त्याचा अर्थ दोनच प्रकारे घेतो, एकतर तुम्ही हुडकलं नाही किंवा त्या विषयाला वाचकच नाही.

पीएचडीचं पुस्तक करत असाल तर ते लपवू नका. आपले थिसिस शोधगंगा या वेबसाइटवर सगळ्यांना वाचायला असतात, संपादक दोन मिनिटात काढून बघतो. त्याला जाणून घ्यायचं असतं की बदल काय केलाय. ते दुसरं प्रकरण, संबंधित साहित्याचा आढावा, शंभर पानांचं, 'अमुक यांच्या मते, तमुक यांच्या मते', ते आधी काढून टाका. थिसिस लिहिताना आपण गाईडला आणि परीक्षकाला पटवत असतो की मी सगळं वाचलंय. पुस्तकाच्या वाचकानं तुमची परीक्षा घ्यायची नसते, त्याला फक्त तुम्हाला काय सापडलं ते हवंय.

प्रपोजल एकाच वेळी दोनतीन प्रकाशकांकडं पाठवलं तर चालतं, फक्त प्रत्येकाला तसं सांगून ठेवा. पूर्ण हस्तलिखित मात्र एका वेळी एकाच ठिकाणी. एकाकडं रिव्ह्यूला असताना दुसरीकडं पाठवलं आणि दोघांनी नेमका एकच रिव्ह्यूअर धरला तर (आपलं क्षेत्र केवढंसं असतं ओ) तोंड लपवायला जागा राहत नाही.

बरीचशी प्रपोजलं रिव्ह्यूअरपर्यंत पोचतच नाहीत. संपादक स्वतः वाचतो आणि दोन ओळींचं नकाराचं मेल टाकतो, आमच्या यादीत बसत नाही. हे खरंच तसं असू शकतं. ज्या प्रकाशकानं गेल्या दहा वर्षांत शेतीमालाच्या बाजारावर एकही पुस्तक काढलेलं नाही त्याला मी हळद विकायला गेले होते, चूक माझी होती. म्हणून पाठवायच्या आधी तुमच्याच संदर्भसूचीत बघा की तुम्ही ज्यांची पुस्तकं वापरली ती कुणी छापलीत, तिथंच तुमचं गिऱ्हाईक आहे.

संपादकाला रस वाटला की प्रपोजल आणि नमुना प्रकरणं साधारण दोघांकडं जातात. काही प्रकाशक यावरच अ‍ॅडव्हान्स काँट्रॅक्ट देतात. तो मिळाला म्हणून लगेच पेढे वाटू नका, त्यात बहुधा एक कलम असतं की पूर्ण हस्तलिखित रिव्ह्यूतून समाधानकारक पार पडलं तरच छापू. पुढं पूर्ण हस्तलिखित पुन्हा दोघांकडं जातं, कधी त्यातला एक जुनाच असतो. काही प्रकाशक प्रपोजलचा टप्पा गाळून थेट हस्तलिखितावरच रिव्ह्यू घेतात, तेव्हा पहिल्याच फोनमध्ये किंवा मेलमध्ये विचारून घ्या की तुमच्याकडं किती टप्पे आहेत.

नावं झाकायचं म्हणाल तर पुस्तकात बहुतेक ठिकाणी एकतर्फी झाकाझाकी असते. रिव्ह्यूअरला तुमचं नाव माहीत असतं, तुम्हाला त्याचं नसतं. कारण साधं आहे, अडीचशे पानं वाचल्यावर लिहिणारा कोण हे न कळायला तो आंधळा लागेल, शिवाय तुमचा सीव्ही प्रपोजलमध्येच असतो. संपादक तुमच्याकडं रिव्ह्यूअरची पाचसहा नावं मागू शकतो. द्यावीत, पण त्यात तुमचा गाईड नको, थिसिसचा परीक्षक नको, तुमच्याबरोबर पेपर लिहिलेला नको, आपल्याच डिपार्टमेंटचा नको. एखाद्याशी तुमचं खरोखर वाजलेलं असेल तर त्याला पाठवू नका असंही कारणासकट सांगता येतं, एक नाव, फार तर दोन, पाच नावं दिली तर संपादकाला वाटतं माणूसच भांडकुदळ आहे.

आता वाट बघणं. प्रपोजलला दोनतीन महिने, पूर्ण हस्तलिखिताला तीन ते सहा महिने धरून चाला, आणि त्यातला बराच वेळ वाचण्यात नाही, हो म्हणणारा रिव्ह्यूअर मिळवण्यात जातो. अडीचशे पानं वाचून चारपाच पानांचा रिपोर्ट लिहायचा आणि मानधन किरकोळ, किंवा रोख नको असेल तर साधारण त्याच्या दुप्पट किमतीची त्या प्रकाशकाची पुस्तकं. संपादकानं सांगितलेली तारीख उलटून दोनतीन आठवडे गेले की एक सभ्य मेल टाका. दर सोमवारी टाकू नका.

आणि ते मानधन प्रकाशक देतो, तुम्ही नाही. इथं जरा थांबते कारण यात आपल्याकडची माणसं लय फसतात. माझी पीएचडी झाल्यावर महिन्याभरातच एक फोन आला होता, मॅडम तुमचा थिसिस पुस्तकरूपात काढू, पंधरा दिवसात आयएसबीएनसकट, वर 'पीअर रिव्ह्यूड' असं प्रमाणपत्र, पन्नास प्रती तुम्हाला, पंधरा हजार फक्त. मी विचारलं रिव्ह्यू कोण करणार? तर म्हणाला मॅडम त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका, ते आमच्याकडं लागलं. खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस विचार केला होता, कारण यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण, राष्ट्रीयला १० आणि संपादित पुस्तकातल्या प्रकरणाला ५ असं कोष्टक आहे आणि प्रमोशनची फाइल उघडली की ते कोष्टकच डोळ्यापुढं नाचतं. पण आयएसबीएन हा फक्त पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, १३ आकडी, आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, कवितासंग्रहालाही मिळतो आणि दहावीच्या गाइडलाही. त्याचा रिव्ह्यूशी काडीचा संबंध नाही. त्यामुळं कुणी आयएसबीएनचे वेगळे पैसे लावले तर तिथंच समजून जा. बाकी ओळखायला तीन प्रश्न पुरतात: रिव्ह्यूअर किती असतात, त्यांचे लेखी रिपोर्ट मला वाचायला मिळतील का, आणि शेवटचा निर्णय कोण घेतं. खरा प्रकाशक तिन्हीची उत्तरं सरळ देतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवा, पुस्तक ओपन अ‍ॅक्सेस करायचं असेल तर चांगले प्रकाशकही शुल्क घेतात आणि ते भलतंच असतं, पण ते मंजुरीनंतरचं, वाचकाला फुकट वाचता यावं म्हणून, रिव्ह्यूसाठी नव्हे.

पाठवायच्या आधी तुमच्या मजकुराचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती साम्य येतं ते सॉफ्टवेअरवर तपासून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्याच दुसऱ्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून लोक ९ टक्के आलं की निर्धास्त होतात. रिव्ह्यूअर टक्के बघत नाही. त्याच्याच पुस्तकातला एक परिच्छेद संदर्भ न देता आला तर तो एवढ्यावरच अडेल.

रिव्ह्यूअरला प्रकाशक प्रश्नांचा एक कागद देतो. दावा नवा आहे का, पुरावा पुरेसा आहे का, महत्त्वाचं काही वाचायचं राहिलंय का, मांडणी आणि लांबी ठीक आहे का, वाचणार कोण, आणि शेवटी तुमची शिफारस काय: आहे तसं छापा, किरकोळ बदल करून छापा, मोठे बदल करून पुन्हा दाखवा, किंवा नको. 'आहे तसं छापा' हे मी अजून कुणाच्या रिपोर्टात बघितलेलं नाही.

आणि मग एक दिवस रिपोर्ट येतो. माझा आला तेव्हा मी पेपर तपासत होते. पहिल्या रिव्ह्यूअरनं चांगलं लिहिलं होतं, फक्त एक विचारलं होतं की तुमचं पुस्तक सांगलीच्या हळदीला २०१८ ला मिळालेल्या जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनावर येऊन आनंदात संपतं, पण मधे २००५ चा महापूर होऊन गेला, त्यात पेवांचं काय झालं? दुसऱ्यानं साडेपाच पानं लिहिली होती आणि त्यात हे वाक्य होतं, मराठीत सांगायचं तर: लेखिकेला पेव दिसतं, पेवात उतरणारा माणूस दिसत नाही. मी पेवाची माती, तोंड कसं बंद करतात, हळद वर्षानुवर्षं कीड न लागता कशी राहते, पावत्या, व्यापाऱ्यांचे हिशेब, सगळं लिहिलं होतं. हमालांवर अडीच पानं होती.

त्या रात्री मी सात पानांचं उत्तर लिहिलं आणि सकाळी पाठवूनही दिलं. पहिल्या रिव्ह्यूअरच्या प्रश्नाला चार ओळी आणि दुसऱ्याला साडेसहा पानं, की हा माणूस हरिपूरला कधी आलाय का, याला सांगलीतलं काय कळतं, वगैरे. संपादकाचं एका ओळीचं उत्तर आलं: हे मी बोर्डापुढं ठेवू का?

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते पत्र रिव्ह्यूअरसाठी नसतंच. हेच या सगळ्या लांबणीतलं मुख्य आहे. जर्नलमध्ये तुम्ही आधी बदल करता, मग काय काय केलं त्याची यादी जोडता. पुस्तकात बहुतेक वेळा उलटं असतं, हस्तलिखिताला हात लावायच्या आधी उत्तर लिहायचं, की यातलं काय मान्य आहे, काय कसं बदलणार, काय बदलणार नाही आणि का, आणि किती महिन्यात. मग संपादक तुमचं हस्तलिखित किंवा त्याचा सारांश, दोन्ही रिपोर्ट आणि तुमचं हे पत्र एका फाइलमध्ये घालून बोर्डापुढं जातो. विद्यापीठांच्या प्रकाशनांत हे बोर्ड म्हणजे प्राध्यापकांचंच असतं, ऑक्सफर्डमध्ये त्यांना डेलिगेट्स म्हणतात, केंब्रिजमध्ये सिंडिक्स. त्या खोलीत तुमच्या विषयाचा बहुधा एकच जण असतो, बाकी कुणी भौतिकशास्त्राचा, कुणी कायद्याचा. त्यांना हळद कळत नाही. त्यांना एवढंच दिसतं की जाणकारानं काय दुखणं सांगितलं आणि लेखक त्यावर शहाण्यासारखा बोलतोय की चवताळलाय. संपादक तिथं वकील, आणि तुमचं पत्र ही त्याच्या हातातली फाइल. मी त्याला शिव्यांची फाइल दिली होती.

म्हणून रिपोर्ट आला की पहिल्या दिवशी फक्त 'मिळाला, वाचते, दोनतीन आठवड्यात उत्तर देते' एवढंच मेल टाका आणि आयर्विन पुलावर चक्कर मारून या. दोन दिवसांनी पुन्हा वाचा, पेन घेऊन, आणि प्रत्येक सूचनेपुढं खूण करा: लगेच होण्यासारखं, मेहनतीचं, आणि न पटलेलं. तुम्हाला आश्चर्य वाटेल इतकं पहिल्या ढिगात जाईल. न पटलेल्यातही बघा की त्याला असं का वाटलं असेल. बऱ्याचदा तुमचा मुद्दा बरोबर असतो पण तो एकशेचाळीसाव्या पानावर असतो आणि त्याला विसाव्या पानावर हवा होता.

पत्र दोनतीन पानांचं पुरे. सुरुवातीला आभार एका वाक्यात, पाया पडू नका. मग दोघांनी मिळून जे मोठे मुद्दे काढलेत ते आधी घ्या, बारीकसारीक शेवटी एका परिच्छेदात 'या सगळ्या दुरुस्त्या करते' म्हणून उरका. 'सूचनेचा विचार केला जाईल' हे सरकारी वाक्य कुठंही नको. माझ्या दुसऱ्या पत्रात दुसऱ्या रिव्ह्यूअरला उत्तर असं होतं: आक्षेप मान्य आहे, चौथं प्रकरण दोन भागांत तोडते, नवा भाग पेवात उतरणाऱ्या आणि पोती वाहणाऱ्या लोकांवर असेल, त्यासाठी हरिपुरात नव्या मुलाखती घेते, साधारण आठ हजार शब्द वाढतील, ते तिसऱ्या प्रकरणातली व्यापाऱ्यांची वंशावळ कमी करून भरून काढते, चार महिने लागतील. बघा, काय, कुठं, किती, कधी. एवढं लिहिलं की संपादकाला बोलायला मुद्दे मिळतात.

एखाददुसऱ्या ठिकाणी नाही म्हणायला अजिबात हरकत नाही, उलट सगळ्यालाच हो हो केलं तर बोर्डाला शंका येते. दुसऱ्या रिव्ह्यूअरला तमिळनाडूतल्या इरोडच्या हळद बाजाराशी तुलना हवी होती. मी लिहिलं की ते वेगळं पुस्तक होईल, मला तमिळ येत नाही आणि तिथली कागदपत्रं मी बघितलेली नाहीत, पण प्रस्तावनेत दोन परिच्छेदांत फरक नोंदवते. चाललं. दोन रिव्ह्यूअर एकमेकांच्या उलट बोलत असतील, एक म्हणतो छोटं करा दुसरा म्हणतो वाढवा, तर स्वतः डोकं फोडून घेऊ नका, संपादकाला विचारा तुम्हाला कुठली बाजू पटते. तो त्याचाच पगार घेतो.

मुलाखतींसाठी मी संगमेश्वराच्या देवळाच्या बाजूला चारपाच रविवार गेले. एका आजोबांना विचारलं पेव उघडल्यावर पहिलं काय करायचा, तर म्हणाले, "ताई, लगीच कोण उतरत न्हाई. आधी हवा खेळू द्यायची, मग दोरीला बांधून दिवा सोडायचा. दिवा इझला तर माणूस बी इझतोय." तीन वर्षं मी पेवांवर संशोधन केलं होतं आणि हा दिवा माझ्या थिसिसमध्ये कुठंच नव्हता. पुस्तकाचं चौथं प्रकरण आता त्या दिव्यापासून सुरू होतं. पुराचंही त्यांनीच सांगितलं, २००५ ला पाणी पेवांत शिरलं तेव्हा काय झालं ते, आणि शेवटचं प्रकरण मला मुळातून पुन्हा लिहावं लागलं.

बोर्डानं मंजुरी दिली की मग बदल करून अंतिम हस्तलिखित द्यायचं. बदल मोठे असतील तर संपादक ते पुन्हा एका रिव्ह्यूअरला दाखवतो, किरकोळ असतील तर तुमचं पत्र समोर ठेवून स्वतःच ताडून बघतो, म्हणून पत्रात दिलेला शब्द पाळा. त्यानंतर कॉपी एडिटिंग, प्रूफ, सूची, त्यात आणखी बरेच महिने, पण तिथं रिव्ह्यू संपलेला असतो. बोर्डानं नाही म्हटलं तर तेच रिपोर्ट वाचून पुस्तक सुधारा आणि दुसरीकडं प्रपोजल पाठवा.

संपादित पुस्तकाचं थोडक्यात. सेमिनारचे पेपर गोळा करून बांधले म्हणजे पुस्तक होत नाही, रिव्ह्यूअर पहिलं हेच विचारतो की या बारा लेखांना एकत्र धरणारं काय आहे. शिवाय रिपोर्टात 'सातवं प्रकरण कमकुवत आहे, गाळा' असं येऊ शकतं आणि ते सातवं प्रकरण नेमकं आपल्या प्राचार्यांचं असू शकतं. म्हणून लेख मागवतानाच सगळ्यांना लिहून कळवा की अंतिम निवड रिव्ह्यूनंतर होईल, प्राचार्यांनाही.

गेल्या वर्षी मलाच एका हस्तलिखिताचा रिव्ह्यू करायचं मेल आलं, गुळाच्या बाजारावरचं. लेखक ओळखीचा निघाला असता तर संपादकाला तसं कळवून नकार दिला असता, तो नव्हता म्हणून हो म्हटलं. वाचायला सहा आठवडे लागले, रात्री जेवणं झाल्यावर थोडं थोडं. चांगल्या गोष्टी आधी लिहिल्या, कारण बोर्डात संपादकाला त्याच उपयोगी पडतात, मग तीन मोठे आक्षेप, पान क्रमांकासकट, आणि प्रत्येकापुढं काय केलं तर भागेल ते. तिसरा आक्षेप लिहून झाल्यावर वाचला तर जवळजवळ तेच वाक्य उमटलं होतं, लेखकाला गुऱ्हाळ दिसतं, चुलवाणापुढं बसलेला गुळव्या दिसत नाही. मी ते खोडलं, जरा मऊ शब्दांत पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. मानधनाऐवजी पुस्तकं घेतली, खोकं विश्रामबागच्या घरी आलं तेव्हा मी कॉलेजात होते, शेजारच्या काकूंनी सही करून घेतलं आणि संध्याकाळी विचारलं, काय ओ मॅडम, एवढं जड काय मागवलंय, मिक्सर का?